पाणी कापलेला नकाशा

नकाशा करायला बसले की मी सगळ्यात आधी पाणी कापते. तळी, नाले, खाडी, सगळ्यांचा मिळून कॉम्प्युटरमध्ये एक निळा थर असतो. तो उचलायचा आणि लाटलेल्या कणकेतून वाटीनं गोल काढावा तसा प्रभागाच्या आकारातून काढून टाकायचा. उरते ती जमीन. माणसं जमिनीवर राहतात, म्हणून ठिपके जमिनीवर पडायला हवेत, असा आमच्या विभागाचा साधा हिशोब.

ही सवय साहेबांनी लावली. तीन वर्षांपूर्वी, मी नवी असताना, आम्ही शहराचा पहिला ठिपक्यांचा नकाशा काढला. प्रत्येक समाजाला एक रंग, आणि एक ठिपका म्हणजे दहा माणसं. जनगणनेच्या तक्त्यात एवढंच असतं की अमुक प्रभागात अमुक समाजाची इतकी माणसं आहेत. कोण कुठल्या गल्लीत झोपतं ते त्यात नसतं. मग सॉफ्टवेअर तेवढे ठिपके जणू मुठीत घेतं आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे प्रभागभर भिरकावतं. पडतील तिथे पडतील. त्या पहिल्या नकाशात पन्नासेक ठिपके तळ्यात पडले. सभेत एका सदस्यानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "साहेब, हे मासे कोणत्या समाजाचे?" सगळी सभा हसली. साहेब आठवडाभर डबा खाताना कोणाशी बोलले नाहीत. आठवड्यानंतर माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी लागली: आधी पाणी कापा.

मी कापत आले. इतकं सफाईनं की शेजारच्या विभागातले लोक शिकायला यायचे.

या वर्षी नकाशाला पहिल्यांदाच खरं काम लागलं. तोवर आमचे नकाशे जिन्याच्या भिंतीवर टांगले जायचे आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून लिफ्टची वाट बघायचे. आता पालिका तीन छोटे दवाखाने उघडणार होती. एक खोली, एक नर्स, आणि ती नर्स रोग्याच्या स्वतःच्या बोलीत बोलणारी. दवाखाने कुठे उघडायचे हे नकाशा सांगणार होता. शहरावर दोनशे मीटरच्या चौकोनांची जाळी टाकायची, आणि ज्या चौकोनात एका समाजाची शंभराहून जास्त माणसं निघतील तिथलं नाव समितीपुढे ठेवायचं. समितीची बैठक गुरुवारी होती, दहा दिवसांनी.

मी कच्चा नकाशा छापून घरी आणला. पडद्यावर न दिसणाऱ्या चुका कागदावर दिसतात. जेवणाच्या टेबलावर तो पसरला तर त्याची एक बाजू खाली लोंबायला लागली, ती सासूबाईंनी मटारच्या शेंगांचं पातेलं ठेवून दाबली.

सासूबाईंबद्दल आधी सांगते. त्यांचा जन्म पाण्यावरचा. आमच्या खाडीत होड्यांवरच घर करून राहणारे लोक आहेत, तक्त्यात त्यांना 'नाववाले' म्हणतात. ते स्वतःला काहीच म्हणत नाहीत, बाकीच्यांना मात्र 'काठावरचे' म्हणतात. सासूबाई एकोणिसाव्या वर्षी एका कुलूपवाल्याच्या प्रेमात पडून काठावर आल्या. तो कुलूपवाला म्हणजे माझे सासरे. ते गेले, दुकान आता माझा नवरा चालवतो. चाळीस वर्षं झाली, तरी सासूबाई अजून रात्री दाराला कडी लावताना दोराची गाठ मारल्यासारखा हात फिरवतात.

त्यांची थोरली बहीण मात्र होडीवरच राहिली. आमच्या घरी सगळे त्यांना मावशीच म्हणतात, मीही. "इथे या राहायला," असं आम्ही किती वेळा म्हणालो असू. एकदा आल्याही. सकाळी डोळे लाल. "तुमची जमीन हलतच नाही गं," म्हणाल्या, "मेल्यासारखं वाटतं. झोप कशी यायची?" आणि गेल्या परत.

त्याच मावशीच्या पायाला सहा महिन्यांपासून साखरेची जखम होती. जवळचा दवाखाना टेकडीवर, एकशेचाळीस पायऱ्यांवर. मंगळवारी आणि शुक्रवारी माझा नवरा दुकान बंद करून त्यांना पाठुंगळी घेऊन चढायचा. वाटेत त्या त्याच्या कानात म्हणायच्या, "लहानपणी मी तुला घेतलं होतं, तेव्हा असा धापा टाकत नव्हते." डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पट्टी रोज बदलायला हवी, आठवड्यातून दोनदा पुरत नाही, असंच चाललं तर आधी बोटं जातील, मग पाऊल. रोज एकशेचाळीस पायऱ्या ना मावशीला जमणार होत्या, ना त्याच्या पाठीला. धक्क्यावर दवाखाना झाला तर पाय वाचेल, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि धक्क्यावर होणारच, असं मी अगदी छातीठोकपणे सांगितलंही होतं. नकाशा माझ्याच हातात होता ना.

सासूबाईंनी शेंग सोलता सोलता मान वाकडी करून नकाशा बघितला. "यात आम्ही कुठले?"

"जांभळे."

त्यांनी चष्मा लावला. बोट फिरत फिरत टेकडीवर गेलं. "हे जांभळे टेकडीवर काय करतायत?"

"कुठे?"

"हे बघ. हा इथे तर न्यायाधीशांचा बंगला. त्यांच्या बागेत दहा माणसं बसवलीस आमची. आणि ही दहा पाण्याच्या टाकीपाशी. ताईला टेकडी चढायची तर तुझ्या नवऱ्याचं घोडं करावं लागतं, आणि तू अख्खी भावकी चढवलीस?"

"आई, ते खरे पत्ते नसतात," मी म्हणाले. "ठिपके प्रभागात कुठेही पडतात."

"कुठेही?"

"कुठेही. पाणी सोडून."

त्यांनी हातातली शेंग फोडली नाही. "पाणी सोडून," त्या हळूच म्हणाल्या, नवीन पदार्थ जिभेवर ठेवून बघावा तसं. मग माझ्याकडे बघून अगदी सरळपणे विचारलं, "मग आम्ही पडायचं कुठं?"

मी लॅपटॉप उघडला आणि चौकोनांचे आकडे काढले. आमच्या प्रभागात चारशेबारा नाववाले. जमिनीचे चौकोन पंचाहत्तर. सॉफ्टवेअरनं सगळ्यांना इमानानं सारखं वाटून दिलं होतं. दर चौकोनात साडेपाच माणसं.

"साडेपाच?" सासूबाई म्हणाल्या. "अर्धं माणूस कोणाचं?"

"सरासरी आहे ती, आई."

"नाही, असेलही. आमच्या भावकीत अर्धवट दोन-चार आहेतच." असं म्हणून त्या हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. शंभराची अट त्यांना माहीत होती, मीच घोकून घोकून सांगितली होती. त्यांनी पातेलं उचललं आणि नकाशाची कड लोंबकळू दिली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी राहिले. साहेब मनानं वाईट नाहीत. पेन्सिल शेवटच्या इंचापर्यंत वापरणारा माणूस. त्यांच्याकडून काही निसटलं तर त्यांना स्वतःलाच जेवण जात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं.

"पाणी परत घातलं तर तळ्यातसुद्धा माणसं पडतील."

"फक्त खाडी घालू, साहेब."

"खाडी केवढी आहे? त्यात चारशे माणसं पसरली तर पुन्हा तेच. दर चौकोनात चिमूटभर." हे मात्र खरं होतं. "होड्या नेमक्या कुठे असतात त्याचा कागद आहे?"

"बंदराच्या कचेरीत मासेमारीचे परवाने आहेत. पण कोणती होडी कुठे बांधतात ते नाही."

"मग कागद आणा. पुढच्या बुधवारपर्यंत. सांगोवांगीवर नकाशा होत नाही, बाई." आणि मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून, थोड्या मऊ आवाजात, "विमानातून काढलेला फोटो बघा जुना. काही दिसलं तर."

फोटोत दिसत होत्या त्या नुसत्या काळपट रेघा. लाकूड की सावली की शेवाळ, सांगता येत नव्हतं. घरी येऊन मी तो सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला सुरुवात केली.

नाववाल्यांची एक रीत आहे. सूर्य कलला की धक्क्यावरची पहिली होडी हाळी देते. एकेका होडीचं नाव, ती जिथे बांधतात त्या क्रमानं, चालीवर म्हणायचं. जिचं नाव येईल तिनं ओ द्यायची. ओ आली नाही तर ती होडी अजून बाहेर आहे, दिवा लावून थांबायचं. सासूबाईंना ती हाळी चाळीस वर्षांनंतरही मुखोद्गत होती.

पहिला गं दोर बांधा, धक्क्याच्या लोखंडाला,
लंगड्या सुताराची होडी, उशीर ना कधी त्याला.

दुसरा गं दोर बांधा, पहिलीच्या कडेला,
जुळ्यांची आई येते, सूर्य लागता बुडायला.

तिसरा गं दोर सैल, भरतीला येतो ताण,
एकल्या जाळेवालीला, आधी द्या तिचा मान.

त्या म्हणत होत्या आणि मी फोटोवरच्या रेघांवर एकेक ठिपका ठेवत होते. कुठली होडी कुठलीच्या डाव्या हाताला, कुठली वळणावर, कुठली चिखलाच्या तोंडाशी, सगळं चालीत होतं. आमच्या विभागातला कुठलाच तक्ता इतका नेटका नव्हता. अठ्ठ्याहत्तर होड्या भरल्या.

"पण आई, ही हाळी तुमच्या लग्नाआधीची."

"मग?"

"मग आत्ता तशाच असतील कशावरून?"

त्या जराशा दुखावल्या. मग म्हणाल्या, "रविवारी जाऊन बघू. वल्हं मी मारीन."

"तुम्ही?"

"मग काय, तुझा कॉम्प्युटर मारणार?"

रविवारी सकाळी भरतीच्या वेळी आम्ही निघालो. मावशीच्या होडीला एक लहान होडकं बांधलेलं असतं, त्यात तिघी बसलो. मावशी पुढे, दुखरा पाय उशीवर, उशी प्लास्टिकच्या पिशवीत. मी मध्ये फोन धरून. सासूबाई मागे वल्ह्यावर. पहिले दोन-तीन हात वेडेवाकडे गेले, पाणी माझ्या पाठीवर उडालं. "काठावरची झालीस गं," मावशी मागे न बघताच म्हणाल्या. त्यानंतर सासूबाईंच्या खांद्यांत काहीतरी जागेवर बसलं. होडकं न वाजता चालायला लागलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मी त्यांना इतकं गप्प कधी अनुभवलं नव्हतं.

प्रत्येक होडीपाशी थांबायचं, माणसं विचारायची, फोनवर बोट दाबायचं. एवढंच काम. पण कोणी एवढ्यावर सोडेल तर ना.

"कोण गं ही? धाकटीची सून?"

"हो. नकाशावाली."

"खाते का नाही काही? वाऱ्यानं उडायची."

"किती जण तुम्ही?" मी विचारायची.

"सहा. सासू धरली तर सात."

"का, धरायची नाही?" आतून म्हातारा आवाज यायचा.

तेविसाव्या जागेपाशी आलो तर तिथे होडी नव्हती. दोन्हीकडे होड्या दाटीवाटीनं बांधलेल्या, आणि मध्ये एका होडीएवढं मोकळं पाणी.

"ही कोणाची?"

"खडीवाल्याची," मावशी म्हणाल्या. "होडी फुटली, माणसं दुसऱ्या गावी गेली. बारा वर्षं झाली."

"मग जागा का रिकामी?"

"हाळीत आहे ना." त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "अजून नाव घेतो. ओ येत नाही, ते वेगळं."

अशा आठ जागा निघाल्या. नुसत्या हाळीवरून नकाशा केला असता तर मी आठ होड्या पाण्यावर उगाच तरंगवल्या असत्या. सत्तर होड्या, चारशेनऊ माणसं. तक्त्यापेक्षा तीन कमी, पण दोघी बाळंतपणाला आईकडे गेल्या होत्या आणि एकाला कोणी धरतच नव्हतं, तो कुठे असतो ते कोणालाच माहीत नव्हतं.

मावशीच्या होडीला परत लागलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

मी फोन दिला. निळ्यावर सत्तर जांभळे ठिपके, धक्क्यापासून चिखलाच्या तोंडापर्यंत वेणीसारखे वळत गेलेले. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग एका ठिपक्यावर बोट टेकवलं, तर तो मोठा झाला आणि खाली मी टाइप केलेलं नाव आलं.

"ही मी?"

"हो, मावशी."

"पुसून टाक."

मला वाटलं, नाव चुकलं असेल. "काय लिहू मग?"

"काही लिहू नको. सगळंच पुस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हिचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी कचेरीतून असाच एक जण आला होता. तोही गोडच बोलायचा. वही घेऊन होडी होडी फिरला, कोण कुठे बांधतं ते लिहिलं. आम्ही त्याला मासे दिले. चार महिन्यांत पलीकडच्या काठाची अख्खी रांग दोर कापून ओढून नेली, धक्का रुंद करायला. आधी त्यांना कळतच नव्हतं कोण कुठे आहे."

सासूबाई वल्हं आडवं ठेवून म्हणाल्या, "ताई, दवाखान्यासाठी आहे हे. पाय जाईल तुझा."

"पाय माझा एकटीचा आहे," मावशी म्हणाल्या. "होड्या सत्तर."

पाणी होडीच्या अंगाला चुबकत होतं. मी शाळेत शिकले, नोकरीत शिकले, ठिपका अचूक हवा, जितका अचूक तितका चांगला. अचूक ठिपका कोणाच्या दोरापर्यंत नेऊन पोहोचवतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"मावशी," मी शेवटी म्हणाले, "समितीला ठिपके लागतच नाहीत. चौकोन लागतात." मी बोटानं उशीवरच्या प्लास्टिकवर चौकोन काढला. "एवढ्या मोठ्या चौकोनात किती माणसं, एवढाच आकडा. कोणाचं नाव नाही, कोण कोणाच्या शेजारी ते नाही. इथे लोक राहतात, एवढं कळेल. दोर कोणाचा कुठे, ते कळणार नाही."

"आणि तुझ्या फोनमधले?"

"तुमच्यासमोर पुसेन. पण आकडा जुळला की. तोवर मला विश्वासानं ठेवू द्या."

त्यांनी बहिणीकडे बघितलं. बहीण माझ्याकडे बघत होती. मग मावशी म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर नाही ठेवत. हिच्या सुनेच्या शब्दावर ठेवते." त्या दोन्हींत काय फरक आहे ते मी विचारलं नाही.

चौकोन सोमवारी तयार झाले. तीन चौकोनांत सगळे आले: एकशेएकतीस, एकशेसहासष्ट, एकशेबारा. तिन्ही शंभराच्या वर. मी पान साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"छान," साहेब म्हणाले. "ठिपक्यांची फाइल?"

"ती देणार नाही, साहेब."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी मावशींचं सगळं सांगितलं, वहीवाल्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "पटतं. पण मी सही कशावर करू? तुमच्या सासूबाईंच्या चालीवर?"

"तुम्ही स्वतः या आणि मोजा."

"मला पोहता येत नाही."

"सासूबाईंना येतं."

मंगळवारी साहेब आले. बूट पिशवीत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि हातात रेघांची वही. होडक्यात मधोमध बसून त्यांनी दोन्ही कडा अशा धरल्या की वही दातात धरावी लागली.

"साहेब, तिकडे झुकू नका," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही फाइलीएवढे हलके नाही."

"हं," साहेब वहीमागून म्हणाले.

पण पाचव्या होडीपर्यंत त्यांनी एक हात सोडला होता, पंधराव्यापर्यंत दुसरा. प्रत्येक होडीपाशी ते अदबीनं विचारायचे, "आपण किती जण?" आणि उत्तर आलं की "सगळे इथेच झोपता ना?" लोकांना त्यांची गंमत वाटायला लागली. एका होडीतून कोणीतरी त्यांना टोपी दिली, टक्कल भाजेल म्हणून. मोकळ्या पाण्यापाशी ते थबकले, कारण ऐकलं, आणि वहीत तिथे शून्य लिहून बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले.

सगळ्यात शेवटी मावशीच्या होडीवर चढलो. चहा झाला. साहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"चारशेअकरा येतायत. तुमचे चारशेनऊ."

दोन माणसांसाठी हा माणूस रात्रभर जागला असता. मी वही मागून घेतली आणि एकेक होडी ताडून बघत गेले. सगळं जुळत होतं. शेवटच्या ओळीवर आले. मावशीच्या नावापुढे तीन.

"साहेब, इथे तीन कोण?"

"या," त्यांनी मावशीकडे बोट केलं, "या," सासूबाईंकडे, "आणि—" बोट हवेतच राहिलं. त्यांनी स्वतःलाच मोजलं होतं.

सगळ्यात आधी मावशी हसल्या, मग सासूबाई, आणि साहेब इतके लाजले की टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. "राहा की," मावशी म्हणाल्या, "एक जागा बारा वर्षांपासून रिकामी आहे."

"माझ्या बायकोला विचारावं लागेल," साहेब टोपीखालून म्हणाले, आणि दोन माणसं खोडली. चारशेनऊ. चौकोनांच्या पानावर त्यांनी गुडघ्यावर वही ठेवून सही केली, खाली तारीख घातली, आणि लिहिलं: प्रत्यक्ष जाऊन पडताळले.

मग जरा घसा साफ करून म्हणाले, "बाई, आता बेरीज जुळली. कच्चं काम आपला विभाग साठवून ठेवत नाही. तसा नियमच आहे."

असा कुठलाही नियम नाही. मी फोन मावशीच्या हातात दिला. पडद्यावर प्रश्न आला, सगळं कायमचं पुसायचं का. मावशी फोनला म्हणाल्या, "हो," आणि थांबल्या. तो ऐकत नाही म्हटल्यावर मी त्यांचा अंगठा धरून बटणावर ठेवला. निळं नुसतं निळं राहिलं.

गुरुवारच्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर होते. कोणीतरी विचारलंच, खाडीच्या पाण्यात तीन गडद चौकोन कसे काय, कॉम्प्युटरची चूक तर नाही? साहेब उभे राहिले. "चूक आधीच्या नकाशात होती. माझी," ते म्हणाले. "तिथे चारशेनऊ माणसं राहतात. मी त्यांच्याकडे चहा घेतला आहे." पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. ती चूक खरं तर माझ्या हातून झाली होती, आणि साहेबांनी ती अंगावर घेतली, पावसात कोणाची तरी छत्री धरावी तशी.

धक्क्यावरच्या जुन्या तिकीटखिडकीची खोली मंजूर झाली. रंग देणं, पाण्याचा नळ, नर्सचं शिक्षण, यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत नवरा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आठवड्यातून चारदा पायऱ्या चढला. तरी मावशीच्या पायाची करंगळी वाचली नाही. ती काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "उरलेली नऊ आहेत ना?" आणि मोजून घेतली.

दवाखाना उघडला त्या सकाळी आम्ही सगळे धक्क्यावर होतो. खोलीला ताज्या रंगाचा वास होता. नर्स बावीस-तेवीस वर्षांची, काठावरची मुलगी. नाववाल्यांची बोली चार महिन्यांत शिकून आलेली, हाताच्या तळव्यावर दोन-तीन शब्द शाईनं लिहिलेले. मावशी स्वतःच्या पायानं, सासूबाईंच्या खांद्यावर हात टाकून, होडीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून खोलीत गेल्या. सव्वीस पावलं. सासूबाई मनातल्या मनात मोजत होत्या, त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

नर्सनं स्टूल पुढे ओढलं, पट्टी सोडली आणि जखमेवरून नजर न उचलता, एकेक शब्द जपून ठेवत, मावशीच्या बोलीत विचारलं की दुखतंय का, रात्री जास्त दुखतं का, पाय गार पडतो का. ते दहा-बारा शब्द म्हणताना ती तीनदा अडखळली.

टेकडीवरच्या दवाखान्यात दहा महिने मावशीला कोणी काही विचारलं की त्या "बरं आहे" एवढंच सांगायच्या, कारण काठावरच्या भाषेत दुखण्याचे शब्द त्यांना तेवढेच यायचे. आता त्यांनी सांगायला सुरुवात केली. टाच कशी बधिर होते, पहाटे पोटरीत कशी मुंगळ्यांची रांग चालते, करंगळी गेली तरी तिथेच कशी खाजते. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांनाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. नर्स अर्धं समजून अर्धं लिहून घेत होती, आणि अडलं की कागदावर पायाचं चित्र काढून विचारत होती, इथे की इथे.

पट्टी बांधून झाली. "उद्या परत या," नर्स घाबरत म्हणाली. "माझं बोलणं चुकतं, मला माहीत आहे."

"चुकतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाय खाली टेकवला, भार देऊन बघितला, आणि उठताना तिच्याच खांद्याचा आधार घेतला. "तू पाय नीट बांध. बोलणं मी शिकवते. रोज यायचंच आहे."